बैठकीतला पूर्वपक्ष

आमच्या सरांच्या घरात चोर शिरला असता, तर सरांनी त्याला बसवून घेऊन आधी चोरीची बाजू मांडली असती. मुद्देसूद, चोराला स्वतःला कधी सुचली नसती इतकी छान. मग चोर सामान घेऊन निघून गेल्यावर चोरी वाईट का, हे त्यांनी भिंतीला समजावलं असतं. मी गंमत म्हणून लिहीत नाही. माझ्या बाबतीत त्यांनी नेमकं हेच केलं, आणि त्यात सामान मी होते.

मी तेव्हा गुलबर्ग्याला तत्त्वज्ञानाचं एम.ए. करत होते. पाट्यांवर कलबुर्गी आलं त्याला बरीच वर्षं झाली, पण भालकीकडच्या आमच्या तोंडात गुलबर्गाच बसलेलं आहे. वर्गात आम्ही तिघं. मी, औराद भागातला एक मुलगा, ज्याच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, आणि शहरातली एक कन्नड मुलगी, जिला अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला नव्हता आणि ते ती कुणालाही विसरू देत नव्हती. आपसांत आम्ही दखनी उर्दूत बोलायचो. सर जवळच्याच आळंदकडचे, घरची भाषा मराठी, पण शिकवणं कन्नड आणि इंग्रजीत. तास संपला की माझ्याशी मात्र मराठीत बोलायचे, तेही छापील. त्या छापील मराठीवर मी भाळले. आपल्या भाषेत एवढं स्वच्छ बोलणारा माणूस आपल्याच बाजूचा असतो, असं तेव्हा मला वाटायचं.

आमचा मुख्य पेपर तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा. तो शिकवायची सरांची एकच रीत होती आणि ती त्यांनी जुन्या शास्त्रकारांकडून घेतली होती. ज्याचं मत खोडायचं, त्याचं मत आधी मांडायचं. तो पूर्वपक्ष. मांडायचं तेही असं, की तो स्वतः समोर असता तर त्यानं मान डोलावली असती. मग उत्तरपक्ष. सर म्हणायचे, "आधी त्याचं घर पक्कं बांधून द्या. मग पाडा. कच्चं घर कुणीही पाडतं."

घर कुणी बांधायचं, हे सर ठरवायचे. एक जुना ग्रीक तत्त्वज्ञ म्हणून गेला की काही माणसं जन्मतःच गुलाम असतात. त्याची बाजू मांडायचं काम सरांनी औरादच्या मुलाला दिलं. त्याला काय वाटेल, हे सरांच्या मनातसुद्धा आलं नसणार, आणि आलं असतं तरी त्यांनी त्यालाच दिलं असतं. पोरगा तयारी करून आला. उभा राहून त्यानं सिद्ध केलं की काहींनी राबावं आणि काहींनी राबवून घ्यावं हीच सृष्टीची रचना आहे. फार चांगलं बोलला. त्याचे कान लाल झाले होते. सर म्हणाले, उत्तम, आणि घंटा झाली. पुढचे दिवस सर कुठल्याशा परिषदेला गेले. तेवढे दिवस तो मुलगा खानावळीत आमच्याबरोबर बसेना. सर आल्यावर त्याच पोराकडून त्यांनी ते घर पाडून घेतलं आणि तेही झकास झालं, पण मधले दिवस त्याला कुणी परत दिले नाहीत.

तरी मला ही रीत आवडायची. आमच्या घरात दुसऱ्याचं म्हणणं कधी कुणी पुरं ऐकलेलं नाही. अप्पा बोलले की विषय संपतो आणि आई बोलली की अप्पांचाही संपतो. तिथून आलेल्या मुलीला दोन्ही बाजू शेवटापर्यंत ऐकून घेणारा माणूस म्हणजे देवच वाटतो. एम.ए. करायचं, मग प्राध्यापकाची पात्रता परीक्षा द्यायची आणि अशाच एका गळक्या विभागात शिकवत म्हातारं व्हायचं, एवढीच माझी इच्छा होती. ती काही मोठी नव्हती. तिच्या आड फक्त माझा मामा उभा होता.

आमच्याकडं मुलीवर पहिला हक्क मामाचा. उदगीर-लातूरकडचे पाहुणे हे ऐकून कानावर हात ठेवतात; त्यांच्यात मामाच्या मुलाला मुलगी देतात, मामाला नाही. आम्ही सीमेच्या अलीकडचे, कर्नाटकातले, आमच्यात मामालाही देतात, आणि मामानं मागितल्यावर दिली नाही तर तो भावकीत वर्षानुवर्षं चघळायचा विषय होतो. माझा मामा आईचा धाकटा भाऊ, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. भालकीच्या बाजारात त्याचं खताचं दुकान. आजी लवकर गेल्यामुळं आईनंच त्याला वाढवलेलं. मला सायकल त्यानं शिकवली, दहावीच्या परीक्षेला गाडीवर बसवून तोच न्यायचा. मी त्याला अरे-तुरे करायची. त्याचं लग्न काही ना काही कारणानं राहत गेलं आणि माझं दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा आईनं ठरवलं की आता वाट कुणाची बघायची.

मी नको म्हणाले. आई हसली. माझ्या नको म्हणण्याला तिनं कधीच दुसरं काही केलेलं नाही. म्हणाली, "शिकून काय करायलीस? त्या तुझ्या सरासारखं तिथंच कुजायचंय का?" अप्पांनी सांगितलं की बैठक बसेल, तिथं काय ते ठरेल. बैठकीत बायका बोलत नाहीत, आणि जिचं लग्न आहे ती तर तिथं फिरकतसुद्धा नाही. माझ्या बाजूनं बोलायला पुरुष हवा होता. वयानं मोठा, शिकलेला, आणि ज्याला मधेच तोडायची कुणाची छाती होणार नाही असा. गावात असा एकही नव्हता. गुलबर्ग्यात एक होता.

विभागात जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. रडले नाही, मुद्दे काढून नेले होते. सर खूश झाले. माझ्यावर नव्हे, विषयावर. म्हणाले, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे, परंपरेचं प्रामाण्य कुठवर मानायचं हाच तो प्रश्न, मी येतो. ते मनापासून माझ्या बाजूचे होते, यात मला आजही शंका नाही. हे लग्न होऊ नये असं त्यांना खरंच वाटत होतं. मी निघताना म्हणाले, "सर, आधी नको म्हणून सांगा. कारणं मागून द्या."

सर हसले. "त्याला वाद म्हणत नाहीत. त्याला भांडण म्हणतात."

तेव्हाच मी त्यांना येऊ नका म्हणायला हवं होतं, असं आमची कन्नड मैत्रीण नंतर म्हणाली. तिला काय, नंतर सगळंच सुचायचं.

बैठक रविवारी सकाळी. सर बसनं भालकीला उतरले आणि त्यांना घ्यायला मामाच गाडी घेऊन गेला. तो नवरदेव असला तरी घरात चारचाकी त्याच्याकडेच होती. ओसरीवर सतरंज्या घातल्या होत्या. आमचे थोरले चुलते मधे, अप्पा त्यांच्या शेजारी, भावकीतली चार माणसं, एका कोपऱ्यात मामा. सरांना लोड दिला. समोर तबकात पानं, सुपारी, अडकित्ता. आम्ही बायका आतल्या दाराशी. आईनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि ती सरांच्या बुटांकडं बघत होती. बूट जुने होते. तेवढ्यावरून तिला धीर आला असावा.

थोरल्या चुलत्यांनी सांगितलं, पोरीचे गुरू एवढ्या लांबून आलेत, आधी त्यांचं ऐकू. सरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

काय बोलले ते! म्हणाले, लग्न म्हणजे मुलीनं अनोळखी घरात जाणं, आणि माणसाला सगळ्यात मोठं भय अनोळखीचंच असतं. मामाच्या घरात ते भय नाही. तिथं तिला लहानपणापासून ओळखणारा माणूस आहे, तिचा राग, तिची आवड त्याला माहीत आहे. म्हणाले, सून म्हणून दुसऱ्याच्या दारात मुलगी परकी ठरते, इथं ती त्या घराची नात म्हणूनच जाते. म्हणाले, जी रीत इतक्या पिढ्या टिकली तिच्यात काही तथ्य असल्याशिवाय ती टिकेल का, शहाण्या माणसानं हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. म्हणाले, बहिणीनं भावाला आईच्या मायेनं वाढवलं आणि आता ती त्याच्या हातात आपली मुलगी देते, याहून मोठा विश्वास जगात कुठला दाखवाल? थोरल्या चुलत्यांचे डोळे भरून आले. या लग्नाबद्दल इतकं चांगलं आमच्या भावकीत कुणाला कधी बोलताच आलं नव्हतं. ते नुसतं करत आले होते. का करतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आत मला सगळं कळत होतं. हा पूर्वपक्ष आहे, घर बांधणं चाललंय, पक्कं बांधतायत, आता छत चढेल, मग ते पाडतील. मी 'परंतु' या शब्दाची वाट बघत होते. त्यांच्या तासाला तो नेहमी यायचा. आईनं माझ्याकडं वळून बघितलं. तिच्या तोंडावर इतका आनंद मी दहावीच्या निकालालाही बघितला नव्हता. ती हळूच म्हणाली, "किती शहाणा माणूस हाय गं. उगं नावं ठेवले म्या."

मला राहवलं नाही. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, पुढचं सांगा."

सरांनी माझ्याकडं न बघता हात वर केला, वर्गात मधेच प्रश्न विचारणाऱ्याला थांबवायचे तसा. "थांब. सगळं क्रमानं येईल."

ओसरीवर हसू फुटलं. भावकीतला एक जण म्हणाला, पोरीला लईच घाई झाली. मी मागं झाले. माझ्या तोंडून त्या दिवशी निघालेले शब्द एवढेच, आणि तेही माझ्याविरुद्ध गेले.

सरांनी शेवटचा मुद्दा पुरा केला आणि पाण्याचा तांब्या उचलला. उत्तरपक्षाच्या आधी ते नेहमी पाणी प्यायचे. तेवढ्यात थोरल्या चुलत्यांनी डोळे पुसले, अडकित्ता घेतला आणि सुपारी फोडली. आमच्यात सुपारी फुटली की बोलणं संपतं. त्यानंतर नाही म्हणणं म्हणजे लग्न ठरण्याआधीचं नाही म्हणणं नव्हे, ठरलेलं मोडणं; ते घराण्याचं तोंड काळं करणं. पहिलं खांड मानानं पाहुण्याच्या हातावर ठेवलं. सरांनी तांब्या खाली ठेवला, हातावरच्या खांडाकडं बघितलं, मग सगळ्यांच्या तोंडाकडं. पुढ्यात आलेली सुपारी नाकारता येत नाही, एवढं आळंदकडच्या माणसाला कळतं. त्यांनी ती तोंडात टाकली. मी दारातून त्यांचं चावणं बघत होते. मला त्यांचे दात पाडावेसे वाटत होते.

जेवण झालं. सरांना शेला-टोपी-नारळ दिला. अप्पांनी वाकून नमस्कार केला. मामानंच त्यांना परत स्टँडवर सोडलं.

पुढच्या आठवड्यात मी विभागात गेले ते भांडायच्या तयारीनं. सर माझ्याआधी नाराज होऊन बसले होते. म्हणाले, तुमच्याकडं पाहुण्याला बोलणं पुरं करू देत नाहीत का? माझी निम्मी मांडणी तशीच राहिली. म्हणाले, खरा भाग तर पुढंच होता. मग त्यांनी बाकी दोघांना बोलावलं, फळा पुसला आणि आम्हा तिघांना तो उत्तरपक्ष दिला. पूर्ण. एकेक खांब काढून त्यांनी ते घर असं पाडलं की धूळसुद्धा उडाली नाही. मी त्यांना खूप वेळा ऐकलं, पण इतकं चांगलं ते कधी बोलले नाहीत. कन्नड मुलगी वहीत उतरवून घेत होती, परीक्षेला येईल म्हणून. औरादचा मुलगा फळ्याकडं न बघता माझ्याकडं बघत होता. शेवटी सर म्हणाले, "काही शंका?" मी नाही म्हणाले. खरंच नव्हती.

लग्न परीक्षेच्या आधी झालं. परीक्षा मी दिली, पहिल्या वर्गात पासही झाले. पात्रता परीक्षेचं नाव नंतर घरात कुणी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. सरांनी लग्नात येऊन अक्षता टाकल्या. जेवून गेले.

मग मी मामाच्या मागं लागले. बाकी कुणाला शिक्षा करणं माझ्या हातात नव्हतं, तो एकटाच हाताशी होता. कोपऱ्यात बसून माझी सुपारी फुटू देणाऱ्या त्या माणसाला मला हवी ती शिक्षा देता येते, असं मी ठरवून टाकलं. आम्ही राहायचो दुकानाच्या मागच्या खोल्यांत. पुढं उदगीरकडचे व्यापारी येऊन बसले, की मी मुद्दाम आतून मोठ्यानं हाक मारायची, "मामा, जेवायला ये." ते व्यापारी एकमेकांकडं बघायचे. त्यांच्यातला एखादा विचारायचा, भाची राहते का तुमच्याकडं? मामा उठून आत यायचा, मान खाली घालून जेवायचा. मला बरं वाटायचं. अगदी पोटातून बरं वाटायचं. ही हाक मी वर्षभर मारली आणि एकदाही त्यानं मारू नको म्हणून सांगितलं नाही.

एका दुपारी तशीच हाक मारली, तसाच तो आत आला. पाटावर बसला आणि ताटाकडं बघत म्हणाला, "तुला काय वाटलं, मला हौस व्हती?"

मी म्हणाले, व्हय.

"माझ्या कडेवर मुतलेली पोर तू. मला कामून हौस राहील?"

मी वाढता वाढता थांबले. मग तू बोलला का नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, अक्काच्या समोर त्याचं तोंड कधी उघडलेलं नाही, तिनं भरवलं म्हणून तो जगला. ते खरंच होतं. मग तो म्हणाला, "म्या सरांला सांगितलं व्हतं. गाडीतच. तुमी न्हाई म्हना, म्या लगेच तुमच्या बोलण्याला व्हय म्हणतो, अक्काला राग येणार न्हाई. सर म्हणले, तुम्ही बिनघोर गाडी चालवा."

म्हणजे त्या ओसरीवर हे लग्न नको असलेली आम्ही तीन माणसं होतो. तिघांत बोलायचा अधिकार एकालाच होता. आणि तो बोलला.

मला मामाची दया यायला हवी होती. नाही आली. वर्षभर ज्याच्यावर दात धरला तो माणूससुद्धा आता माझ्याजवळ उरला नाही, एवढाच राग आला. तो अजून भाकरीला हात न लावता बसला होता. त्यानं विचारलं, "म्होरं काय सांगणार व्हते सर?"

मला पाठ होतं. मी ताटासमोर बसले आणि त्याला सांगितलं. सरांनी फळ्यासमोर दिलेला तो सगळा उत्तरपक्ष, त्याच क्रमानं, फक्त साध्या बोलीत. मामा-भाचीची ओळख आहे म्हणून हे लग्न करावं असं तुम्ही म्हणता. पण ती ओळख मामा आणि भाचीची आहे. लग्नानं ती वाढत नाही. लग्नाच्या दिवशी मामा राहत नाही आणि भाचीही राहत नाही, दोघं अनोळखी होतात, आणि हे अनोळखीपण परक्या घरातल्यापेक्षा वाईट, कारण आधी काय होतं ते दोघांनाही आठवत राहतं. म्हणजे ज्या कारणासाठी लग्न करायचं, ते कारण या लग्नानंच मरतं. सुनेला सासर मिळत नाही, मुलीचं आजोळही जातं. सगळं सांगितलं, काहीच गाळलं नाही.

तो नीट ऐकत होता. सर असते तर असा विद्यार्थी बघून खूश झाले असते. माझं संपल्यावर त्यानं ताट पुढं ओढलं.

"बराबर हाय की," तो म्हणाला. मग भाकरी मोडून जेवायला लागला.